सोने कोणाच्या घरी गेले?

(दसऱ्याच्या संध्याकाळी गावच्या शाळेच्या पटांगणात जमलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण.)



आज सकाळी शाळेतील मुलांनी आपट्याची पाने आमच्या हातावर ठेवली आणि ‘गुरुजी, सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ असे म्हणून नमस्कार केला. त्यांत चौथीतला एक मुलगा होता. तो पान देऊन तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, अमेरिकेत एका नदीत खरे सोने सापडत होते म्हणे. मग तिथले सगळे लोक श्रीमंत झाले असतील, नाही का?” आम्ही त्यास म्हटले, संध्याकाळी पटांगणात ये, उत्तर देतो. तो आपल्या आजीपाशी समोर बसला आहे. आजचे आमचे बोलणे म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर होय.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. 1848 साली तेथे सटर नावाचा एक स्वित्झर्लंडचा मनुष्य हजारो एकर जमीन घेऊन बसला होता. गहू पिकवी, गुरे पाळी. त्यास लाकूड कापण्याची पाणगिरणी हवी होती, म्हणून त्याने मार्शल नावाच्या सुतारास डोंगरात कोलोमा या ठिकाणी नदीकाठी पाठविले. 24 जानेवारी 1848 रोजी मार्शल गिरणीचा पाट तपासावयास गेला, तेव्हा पाटाच्या तळाशी त्यास पिवळे खडे दिसले. ते सोने की आणखी काही? त्या कामावरच्या माणसांचा स्वयंपाक विमर नावाची एक बाई करीत असे. ती त्या वेळी साबण करीत होती. राखेच्या तिखट पाण्याची कढई चुलीवर होती, तीत तिने तो खडा टाकला. दुसरा एखादा धातू असता तर काळवंडला असता. हा साबण झाल्यावर तळातून जसाच्या तसा निघाला.

मंडळी, एवढ्या मोठ्या घडामोडीचा आरंभ कोणापासून झाला पाहा. सोने दिसले सुताराच्या डोळ्यास आणि पारखले गेले एका स्वयंपाकिणीच्या कढईत. पुढे त्या दोघांच्या घरी त्यातले काय गेले, ते शेवटी सांगू.

बातमी प्रथम दाबून ठेवली होती. परंतु ब्रॅनन नावाचा एक दुकानदार होता. त्याने आधी फावडी, कुदळी, घमेली जमतील तितकी विकत घेऊन आपल्या दुकानात भरली, आणि मग मे महिन्यात सोन्याची कुपी हातात धरून सॅनफ्रॅन्सिस्को गावच्या रस्त्यातून ‘सोने, सोने’ असे ओरडत फिरला. गाव ओस पडले. शेतातला गहू उभा राहिला, कापणारा मिळेना. डिसेंबरात खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षाने ही बातमी खरी असल्याचे जाहीर केले आणि 1849 साली चहूकडून माणसांचा लोंढा सुटला. कोणी बैलगाडीने दोन हजार मैल वाळवंट आणि डोंगर तुडवीत पाचसहा महिन्यांनी पोचले. कोणी जहाजाने दक्षिण अमेरिकेला वळसा घालून आले. मेक्सिको, चिली, चीन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, कुठून कुठून माणसे आली. सातआठ वर्षांत सुमारे तीन लाख लोक आले असा हिशेब आहे. बंदरात लागलेल्या जहाजांवरचे खलाशीही डोंगराकडे पळाले. शेकडो जहाजे नुसती उभी राहिली. त्यांतली काही किनाऱ्यास ओढून त्यांची गुदामे केली, एकाची तर खाणावळ झाली.

आता त्या सोन्याच्या वस्तीत माणूस रोज कसा जगत होता ते ऐका. राजेरजवाड्यांच्या गोष्टी पुस्तकात पुष्कळ सापडतात. भाकरी कोणी केली आणि सदरा कोणी धुतला हे क्वचितच कोणी लिहितो. खरा इतिहास तिथेच असतो.

सोनाराच्या दुकानापुढची माती गोळा करून धुणारे झारेकरी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. तिकडचे कामही तसेच. पसरट तव्यात नदीची वाळू घ्यायची, पाणी घालून गोल गोल फिरवायची, हलकी वाळू वाहून जाते आणि जड सोने तळाशी राहते. आपल्या बाया सुपात दाणे पाखडतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे त्यांनी मुलाच्या पाळण्यासारखी लाकडी पेटी केली. एकाने माती टाकावी, एकाने पाणी ओतावे, एकाने पेटी हलवावी. डोंगरातल्या वितळल्या बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभे राहायचे, डोक्यावर ऊन, आणि दिवसभर कंबर वाकलेली. रात्री तंबूत ओल्या घोंगडीवर निजायचे. खाणे म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, घेवड्याच्या बिया, कणकेची जाड पोळी आणि काळी कॉफी. महिनोन्महिने हिरवा पाला पोटात नाही. मग हिरड्या सुजत, दात हलत, पाय काळे पडत. कित्येक या रोगाने मेले. त्याच डोंगरात तिथले मूळ रहिवासी एक रानभाजी खात होते. ती खाऊन ज्यांचा रोग बरा झाला, त्यांनी पुढे त्या भाजीस ‘खाणकऱ्याची भाजी’ असे नाव दिले. ज्यांची ती भाजी, त्यांचे नाव मात्र दिले नाही!

मिळकत किती होत होती? इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे 1848 साली एक माणूस दिवसास सुमारे 20 डॉलर मिळवी. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व भागात मजुरास दिवसाचा साधारण एक डॉलर मिळे. तेव्हा वीस म्हणजे थोडे नव्हे. परंतु 1852 साली तीच मिळकत सुमारे 6 डॉलरवर आली आणि 1856 च्या सुमारास 3 डॉलरवर. आता यातली मेख पाहा. 1852 हे सर्वांत अधिक सोने निघाल्याचे साल. त्या एका सालात सुमारे आठ कोटी डॉलरांचे सोने निघाले. सोने वाढले आणि खणणाराची मजुरी घटली! कारण खणणारे हात वाढले, वरवरचे सोने सरले, आणि खोल खणावयास भांडवल ज्याचे, सोने त्याचे झाले.

शिवाय जे मिळे ते राही कुठे? एक अंडे एक डॉलरला, कधी त्याहून अधिकास. नाणी थोडी, म्हणून सोन्याची धूळच चलनात होती. औंसास 16 डॉलर धरीत. औंस म्हणजे आपले सुमारे अडीच-पावणेतीन तोळे. गुत्त्यात एका पेल्यास एक चिमूट सोने. चिमूट घेणार गुत्तेवाला, म्हणून ज्याचा अंगठा रुंद त्यास तिथे नोकरी लवकर मिळे असे सांगतात. घरचे पत्र आले तर टपालकचेरीपुढे लांबच लांब रांग लागे. कित्येक जण पहाटे रांगेत जागा धरून ती दुसऱ्यास विकत. डोंगरातल्या तळावर पत्र पोचवून देणारे सुरुवातीस एका पत्रास औंसभर सोने घेत. आईचे चार ओळींचे पत्र वाचण्यासाठी दिवसभराची कमाई मोजणारी पोरे होती ती. ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ असे आपण म्हणतो, ते तिकडे उघड्या डोळ्यांनी चालले होते.

आता धुण्याची गोष्ट. पुरुषांनी भरलेली वस्ती. 1850 साली साऱ्या प्रांतात दहांत एकही बाई नव्हती, आणि खाणीच्या मुलखात तर शंभरांत तीनचार. नाचाची हौस आली तर अर्धे पुरुष दंडास रुमाल बांधून बायका होत. हसू नका. त्याच पुरुषांना पहिल्याने कळले की घरी आईबहिणी जे फुकट करीत होत्या ते काम केवढे आहे. सदरा धुवावयास नव्या सदऱ्याएवढे पैसे पडू लागले. मळके कपडे जहाजात भरून हवाई बेटांस आणि चीनमधल्या कँटन शहरास धुवावयास जाऊ लागले. कित्येक महिन्यांनी परत येत! सॅनफ्रॅन्सिस्कोजवळच्या एका तळ्यावर मेक्सिकन आणि आदिवासी बाया दिवसभर धुणे बडवीत. त्या तळ्याचे नावच ‘धोबिणीचे तळे’ असे पडले.

लुझेना विल्सन नावाची एक शेतकरी बाई नवऱ्याबरोबर आणि दोन लहान लेकरांबरोबर बैलगाडीने तेथे आली. एके संध्याकाळी ती चुलीवर पाव भाजीत होती. एक मनुष्य जवळ येऊन म्हणाला, बाई, त्या पावाचे पाच डॉलर देतो. तिला ते ऐकून काही सुचेना. ती गप्प राहिली तेव्हा तो म्हणाला, बाईच्या हातच्या भाकरीस दहा देतो. नेवाडा सिटी नावाच्या तळावर नवरा लाकडे आणावयास गेला असता तिने स्वतः खुंट ठोकले, दोन फळ्या विकत घेऊन मेज केले, आणि नवरा परत आला तो मेजावर वीस माणसे जेवीत होती. प्रत्येकाने उठताना एक डॉलर ठेवला. पुढे तिची खाणावळ मोठी झाली. 1851 साली आग लागून सगळे गाव जळाले, तिचेही सर्व गेले. परंतु तिची विद्या आगीत जळण्यासारखी नव्हती. दुसऱ्या खोऱ्यात जाऊन नवऱ्याने गवत कापून विकले, हिने पुन्हा चूल पेटविली आणि पुन्हा संसार उभा केला. सोन्याची खाण हिने खणली नाही. हिच्या हातात जी खाण होती ती आपल्या प्रत्येक घरात आहे. फक्त तिची किंमत मोजावयास आपले पुरुष शिकलेले नाहीत.

तोच प्रकार कारागिरांचा. स्टडबेकर नावाचा एक तरुण 1853 साली खिशात पन्नास सेंट घेऊन आला. वडील लोहार, तोही गाड्या करणारा. तो सोने खणावयास गेला नाही. त्याने एकचाकी हातगाड्या केल्या आणि खणणारांस विकल्या. पाच वर्षांनी सुमारे आठ हजार डॉलर घेऊन घरी गेला आणि भावांबरोबर गाड्यांचा मोठा कारखाना चालविला. सुतार, लोहार, शिंपी, चांभार, पाथरवट हो, हे ध्यानात धरा. आपल्या हातचे काम हलके मानून दुसऱ्याच्या चमकीमागे धावणारा तिकडे बहुधा फसला, आणि आपली हत्यारे न सोडणारा बहुधा तगला.

आता त्या वस्तीच्या कायद्याकडे वळू. सरकार दूर होते, तेव्हा प्रत्येक तळावर लोकांनीच सभा भरवून नियम केले. एकास ठरावीक हातांचाच तुकडा. तुकड्यावर काम चालू असले पाहिजे. जागेवर हत्यार पडले आहे तोवर जागा त्याची, काम सोडून दिले की हक्क गेला. जो कसेल त्याची जमीन, हे तत्त्व त्या लोकांनी तेथे आपण होऊन लिहिले, ही गोष्ट आम्हास फार गोड वाटते. परंतु मंडळी, हा न्याय कोणाकोणास लागू होता हे विचारल्यावाचून टाळी वाजवू नये.

ती जमीन निसेनान, मैदू, मिवोक अशा मूळच्या लोकांची होती. सटरच्या शेतावर राबत होते तेही हेच. त्यांना लाकडी डोणीत लापशी ओतून जनावरांसारखे खावयास घालीत, हे पाहून गेलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. 1848 च्या उन्हाळ्यात चार हजार लोक सोने धूत होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक हे मूळचे रहिवासी होते, असे त्या वेळच्या लष्करी गव्हर्नराने आपल्या अहवालात म्हटले आहे. त्यांच्या बाया घट्ट विणलेल्या टोपल्यांत वाळू धूत. दुसऱ्याच वर्षी बाहेरचे लोक बंदुका घेऊन आले आणि त्यांना हाकलू लागले. ओक झाडांची फळे दळून ते पीठ खात, ती झाडे तळासाठी तोडली गेली. नदीत मासे होते, ती नदी गढूळ झाली. भुकेने कोणी गुरे मारली तर साऱ्या गावाची कत्तल. 1850 साली कायदा झाला. त्याचे नाव ‘रक्षणाचा’, आणि काम असे की कामावाचून फिरणारा आदिवासी दिसला तर त्यास पकडून त्याची मजुरी लिलावाने विकावी, आणि त्यांची पोरे गोऱ्यांच्या घरी राबण्यासाठी बांधून द्यावी. गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष चालेना. त्यांच्यावर मोहिमा काढणाऱ्या टोळ्यांचा खर्च सरकारने लाखो डॉलर देऊन भागविला. 1848 साली ते सुमारे दीड लाख होते, 1870 साली सुमारे तीस हजार उरले. 2019 साली त्या प्रांताच्या गव्हर्नराने हा वंशसंहार होता असे जाहीर म्हणून त्यांची क्षमा मागितली. दीडशेहून अधिक वर्षांनी!

परमुलखातून आलेल्यांची गतही ऐका. 1850 साली परक्या खाणकऱ्यांवर महिना 20 डॉलरांचा कर बसविला. मेक्सिकोचे आणि चिलीचे लोक खाणकामात तरबेज होते, त्यांच्यापासूनच इतरांनी ते शिकून घेतले होते. कर येताच हजारो निघून गेले. बाजार ओस पडला तेव्हा गोरे व्यापारीच रडू लागले आणि पुढल्या वर्षी तो कर रद्द झाला. 1852 साली नवा कर आला, प्रथम तीन आणि मग चार डॉलरांचा, तो मुख्यत्वे चिनी लोकांच्या माथी बसला. चिनी माणूस गोऱ्यांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुऊन पोट भरी. 1854 साली न्यायालयाने ठरविले की गोऱ्याविरुद्ध चिन्याची साक्ष घेऊ नये. म्हणजे दिवसाढवळ्या लुटले तरी बोलावयाचे कोणापुढे? खाणीतून हुसकलेल्या कित्येकांनी मग धुण्याची आणि खाण्याची दुकाने घातली. जे काम कोणास नको होते, ते त्यांनी आपल्या घामाने मानाचे केले.

आणखी एकाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ॲल्विन कॉफी हा काळा गुलाम. 1849 साली धन्याने त्यास सोने खणावयास बरोबर आणले. दिवसभर तो धन्यासाठी खणी, आणि रात्री दुसऱ्यांची कामे करून स्वतःसाठी पैसा जमवी, की आपली सुटका विकत घेता यावी. त्याने धन्यास हजारो डॉलर मिळवून दिले आणि स्वतःचे सहाशेच्या वर साठविले. धन्याने ते सहाशेही घेतले आणि घरी परत नेऊन त्यास दुसऱ्यास विकून टाकले. परंतु तो खचला नाही. नव्या धन्यास कबूल करून पुन्हा कॅलिफोर्नियास आला, पुन्हा खणले, हजार डॉलर भरून स्वतः सुटला आणि पुढे बायकामुलांसही सोडविले. त्याच प्रांतात त्याने शेती केली. अमेरिकेतील ही गुलामी 1865 साली कायद्याने बंद झाली. ती बंद करणाऱ्या तिथल्या लोकांस जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, हे आपणांस ठाऊक आहेच. ती अर्पणपत्रिका वाचताना आमच्या डोळ्यांपुढे हा कॉफी उभा राहतो.

आता शेतकऱ्यांनो, तुमच्या कामाची गोष्ट. वरचे सोने सरल्यावर 1853 सालापासून कंपन्यांनी नवी युक्ती काढली. उंचावरून पाणी आणून मोठ्या नळाने त्याची धार डोंगरावर सोडायची. डोंगरच्या डोंगर चिखल होऊन वाहू लागले. सोने कंपनीने गाळून घेतले, आणि चिखल? तो नदीने खाली नेला. नद्यांची पात्रे भरून वर आली, पूर शेतात घुसू लागले, काळ्या कसदार जमिनीवर आणि फळबागांवर निरुपयोगी वाळू साचली. मेरीसव्हिल हे गाव बांधामागे दडून जगू लागले, तरी 1875 साली पुराने बुडालेच. शेतकरी वर्षानुवर्षे भांडले. कंपन्या म्हणत, आमच्यामुळे प्रांतास पैसा येतो. शेतकरी म्हणत, आमच्या जमिनी गाडून येणारा पैसा कोणाचा? त्यांनी वर्गणी काढली, संघटना केली, न्यायालयात गेले. अखेर 7 जानेवारी 1884 रोजी न्यायमूर्ती सॉयर यांनी निकाल दिला की नदीत असा गाळ सोडता कामा नये. नांगरवाल्यांनी सोनेवाल्यांस हरविले! सोने पकडण्यासाठी वापरलेला पारा मात्र तिथल्या नद्यांच्या तळाशी अजून आहे, आणि काही ठिकाणचे मासे बेताने खा असे सरकारला आजही सांगावे लागते.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर ऐक. सोने पहिल्याने पाहणारा मार्शल सुतार 1885 साली दारिद्र्यात मेला. पाच वर्षांनी त्याचा पुतळा मात्र उभारला. ज्याच्या गिरणीत ते सापडले त्या सटरची जमीन लोकांनी बळकावली. तो सरकारदारी भरपाई मागत 1880 साली मेला. कढईत सोने पारखणाऱ्या विमरबाईचे नाव इतिहासाच्या कोपऱ्यात राहिले. खणणारांतले थोडे श्रीमंत झाले, पुष्कळसे आले तसे गेले, कित्येक तिथेच मातीत मिळाले. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी त्या वस्तीची गत. जे उरले ते शेत, हातगाडी, चूल आणि धुण्याचा दगड यांच्या जोरावर उरले.

मंडळी, सोने नदीतच सापडते असे नाही. उद्या कोणी कारखान्याचे, धरणाचे, एका वर्षात दामदुप्पट करून देण्याचे सोने घेऊन आपल्या वेशीत येईल. त्यास हाकलून द्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यास चार प्रश्न अवश्य विचारा. जमीन कोणाची जाणार? राबणार कोण, आणि त्यांची भाकरी करणाऱ्या बाईला काय मिळणार? तराजू कोणाच्या हातात राहणार? आणि चिखल कोणाच्या शेतात वाहणार? या चारांची उत्तरे लिहून घेतल्यावाचून सही-अंगठा करू नका. त्यासाठीच तर पोरांना, आणि पोरींनाही, शाळेत पाठवा. ‘सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही’ असे आपले वाडवडील सांगून गेले आहेत.

आता सर्वांनी एकमेकांस पान द्यावे. आधी घरातल्या बाईच्या हातावर द्यावे आणि मग शेजाऱ्याच्या. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.